सेटिंग कॉम्प्युटरचं की माणसाचं?

या महिन्यात आलेले निम्मे तरी प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत. ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर वर्ड-एक्सेल किंवा लिबरऑफिस (त्याच कामाचं फुकट सॉफ्टवेअर) टाकायचंय, आणि ते पहिल्या दिवसापासून आपल्याला हवं तसंच उघडलं पाहिजे, प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन क्लिक-क्लिक करत बसायला नको. मार्च एंड तोंडावर आला की सगळ्यांना हे आठवतं. त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, प्रिंटरवाल्यांनी जरा दम धरा.

प्रश्न: सर, आमच्या पतसंस्थेच्या नाशिक, सिन्नर आणि निफाड भागात मिळून सहा शाखा आहेत. लायसन्सचा खर्च झेपेना म्हणून दिवाळीनंतर सगळीकडे लिबरऑफिस टाकलं. टाकायला आलेल्या मुलाने आधी आमच्या मॅनेजरसाहेबांच्या मशीनवर सगळं नीट सेट केलं, ए-फोर कागद, मराठी फॉन्ट, डॉकएक्समध्ये सेव्ह वगैरे, आणि मग त्यांचं प्रोफाइल फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन सगळ्या मशीनवर पेस्ट केलं. सेटिंग आलं बरोबर, पण आता सिन्नरच्या कॅशियरने थकबाकीची नोटीस बनवली तरी तिच्या प्रॉपर्टीजमध्ये साहेबांचं नाव येतं, आणि उघडल्याबरोबर साहेबांनी लिहिलेल्या पगारवाढीच्या पत्रांची यादी दिसते. साहेब जाम भडकलेत. सगळं पुसून पुन्हा टाकायचं का?
(एक वाचक, पंचवटी)

उत्तर: लिबरऑफिस पुसायची गरज नाही, ते प्रोफाइल मात्र आजच्या आज काढा. आधी झालं काय ते सांगतो. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये जाऊन आपण जे बदलतो ते प्रोग्रामच्या फोल्डरात सेव्ह होतच नाही. ते विंडोजच्या त्या-त्या लॉगिनच्या ॲपडेटामध्ये, रोमिंगच्या आत लिबरऑफिस, त्याच्या आत ४, त्याच्या आत यूजर अशा फोल्डरात जातं (आवृत्ती कितीही पुढे गेली, २०२४ पासून तर नंबरच वर्षावरून पडतो, तरी फोल्डरचं नाव ४ ते ४च). तिथे रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स नावाची एक एक्ससीयू फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. कागदाचा आकार, फॉन्ट हे तर आहेच, पण त्याच फाइलीत यूजर डेटामधलं नाव, खिडकी शेवटी कुठे आणि केवढी होती ते, आणि अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादीही असते. नुसती नावं नाहीत, स्टार्ट सेंटरमध्ये पहिल्या पानाचं जे छोटं चित्र दिसतं तेही अक्षरांच्या लांबलचक लगद्याच्या रूपात तिथेच भरलेलं असतं. म्हणजे मूळ पत्र निफाडच्या मशीनवर उघडणार नाही कारण ते तिथे नाहीच, पण शीर्षक आणि पानाचा नकाशा दिसून गेला. त्या मुलाने सगळ्यांना कोरी वही द्यायच्या ऐवजी साहेबांचा ड्रॉवरच उचलून टेबलाटेबलावर ठेवला म्हणा ना.

आता नीट करायचं कसं. लिबरऑफिस सुरू होताना सेटिंग थरांनी वाचतं. खाली प्रोग्रामबरोबर आलेलं, सगळ्यांना कॉमन, आणि त्याच्यावर माणसाचं स्वतःचं. माणसाच्या फाइलीत एखाद्या गोष्टीबद्दल काही नोंदच नसेल तर खालच्या थरातलं चालतं. आपल्याला हात घालायचाय तो या खालच्या थरात. प्रोग्राम फाइल्समध्ये लिबरऑफिसच्या फोल्डरात शेअर आहे, त्यात रजिस्ट्री आहे, तिथे मेन नावाची एक एक्ससीडी फाइल दिसेल. तिला हात लावायचा नाही, पुढच्या अपडेटला ती बदलून जाते. तिच्या शेजारी आपली वेगळी एक्ससीडी फाइल ठेवायची, तिच्यात वरच डिपेंडन्सी म्हणून मेनचं नाव द्यायचं म्हणजे ती मेनच्या नंतर वाचली जाते, आणि मग आपल्याला हवी तेवढीच चार-पाच सेटिंग लिहायची. प्रत्येक सेटिंगचं खरं नाव शोधायला ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड, तिथे ओपन एक्स्पर्ट कॉन्फिगरेशन आहे, त्यात सर्च मारता येतो.

इथे बरेच जण एक शॉर्टकट मारतात, साहेबांच्या एक्ससीयू फाइलीचंच नाव बदलून एक्ससीडी करतात आणि मग मला लिहितात की चालत नाही. नाहीच चालणार. प्रोफाइलमधल्या फाइलीत एकेक आयटम त्याच्या पत्त्यासकट ओळीने लिहिलेला असतो, एक्ससीडीमध्ये तीच माहिती कंपोनंट डेटा, मग नोड, मग प्रॉप अशी एकात एक घालून लिहावी लागते. मूल्यं तिथून उचला, मांडणी नवीन करा. आणि आधी एकाच मशीनवर तपासा, कारण एखादा टॅग उघडा राहिला तर लिबरऑफिस सुरू व्हायलाच नकार देऊ शकतं, आणि सोमवारी सकाळी सहा शाखांतून एकदम फोन येतील.

एक्ससीडीची भानगड नकोच असेल तर विंडोजच्या रजिस्ट्रीतूनही (विंडोज स्वतःची आणि प्रोग्रामांची सेटिंग जिथे ठेवतं ती जागा, वरचं रजिस्ट्री फोल्डर नव्हे) होतं. लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, लिबरऑफिस आणि त्याखाली सेटिंगचा पत्ता, तिथे व्हॅल्यू नावाने मूल्य, आणि फायनल नावाची नोंद १ केली की ते सेटिंग कुलूपबंद. एक्ससीडीत याच कामाला फायनलाइज्ड लावतात. कुलूपबंद सेटिंग ऑप्शन्समध्ये राखाडी दिसतं, बाजूला कुलपाचं चिन्ह येतं, वापरणाऱ्याला ते बदलता येत नाही. कुलूप नाही लावलं तर ते नुसतं सुरुवातीचं सेटिंग, ज्याला बदलायचंय तो बदलेल.

तुमच्यासाठी मी काय लिहीन ते सांगतो. वर्डसारख्या फाइलींचा डिफॉल्ट फिल्टर (म्हणजे सेव्ह करायचा प्रकार) वर्ड २००७चा आणि कॅल्कसाठी एक्सेल २००७चा, कारण उपनिबंधक ऑफिस आणि ऑडिटर दोघांनाही डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्सच लागतं. त्याच्याबरोबर ओडीएफमध्ये सेव्ह करत नाही आहात अशी जी चौकट दर वेळी येते ती बंद, नाहीतर कॅशियर वैतागून चुकीचं बटण दाबतो. लोकॅल (म्हणजे भाषा आणि देश) इंग्रजी भारत, त्याने नवीन पान ए-फोर येतं, लेटर नाही. कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (मराठीसारख्या लिप्यांची सोय) चालू आणि त्याची भाषा मराठी. ऑटोरिकव्हरी मुळात १० मिनिटांची असते, तुमच्याकडे लाइट जाते म्हणता तर ५ करा. यूजर डेटामधलं नाव इथे अजिबात लिहायचं नाही, ते ज्याचं त्याने पहिल्या दिवशी भरायचं.

बसवायला एक बॅच फाइल पुरते. पहिली ओळ एमएसआयएक्झेकची, स्लॅश आय, एमएसआय फाइलचं नाव, आणि शेवटी स्लॅश क्यूएन म्हणजे एकही खिडकी न उघडता गुपचूप इन्स्टॉल होतं. दुसरी ओळ आपली एक्ससीडी त्या रजिस्ट्री फोल्डरात कॉपी करणारी. ती फाइल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायची, झालं. ऑटोटेक्स्ट, गॅलरी असलं तयार साहित्य द्यायचं असेल तर प्रोग्रामच्या फोल्डरात प्रीसेट्स आहे, नवीन प्रोफाइल तयार होताना त्यातलं त्याच्यात उतरतं. लक्षात घ्या, नवीन प्रोफाइल तयार होताना. जुन्यात नाही.

आणि म्हणूनच आत्ता जी साहेबांची प्रोफाइलं पडली आहेत ती बाजूला सारल्याशिवाय वरचं काहीच दिसणार नाही, वरचा थर सगळं झाकून ठेवतो. लिबरऑफिस पूर्ण बंद करा, खाली घड्याळाजवळ क्विकस्टार्टर असेल तर तोही, यूजर फोल्डरचं नाव बदला, पुन्हा उघडा, ताजं प्रोफाइल आपोआप बनतं. जुन्यातून वर्डबुक हे फोल्डर तेवढं परत आणा, दिवाळीपासून लोकांनी शिकवलेले शब्द त्यात असतात. ऑटोकॉर आणि टेम्प्लेटमध्ये कुणी स्वतःचं काही केलं असेल तर तेही. सगळं जमलं की नाव बदललेलं जुनं फोल्डर कायमचं डिलीट करा, कारण ती यादी अजून त्याच्यातच आहे. आधी गेलेल्या नोटिसांचं काही करता येणार नाही, पण ज्या फाइली अजून तुमच्याकडे आहेत त्यात फाइल, प्रॉपर्टीज, जनरलमध्ये रिसेट प्रॉपर्टीज दाबलं की साहेबांचं नाव निघतं. नमुन्याच्या फाइलींवर आधी हे करा, बाकीच्या सगळ्या त्यांच्यावरूनच निघतात.

प्रश्न: नमस्कार भाऊ, आमचं पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षाचं पॅकहाऊस आहे. वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) निघते, ती एक्सेलमध्ये उघडली की ऑफिसातल्या दोन मशीनवर तारखा बरोबर आणि बाकी मशीनवर ५ मार्चचा माल ३ मेला आलेला दिसतो. ऑफिस सगळीकडे एकच आहे, आम्हीच टाकलं. मग सेटिंग कुठलं राहिलं?
(एक वाचक, पिंपळगाव बसवंत)

उत्तर: एक्सेलमध्ये शोधत बसू नका, एक्सेल तारखेचा क्रम विंडोजच्या रिजनवरून घेतं. ज्या मशीनवर रिजनल फॉरमॅट इंग्रजी अमेरिका राहिलाय तिथे ०५/०३ म्हणजे पाचवा महिना, तिसरी तारीख. खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, धोका असा की १२ तारखेपर्यंतच्या तारखा चुपचाप उलट्या होतात आणि १३ पासूनच्या तारखा एक्सेलला कळतच नाहीत, कारण तेरावा महिना नसतो, मग त्या नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. रकाना नीट बघा, काही तारखा उजवीकडे टेकलेल्या असतील आणि काही डावीकडे. डावीकडच्या निदान डोळ्यांत भरतात, उजवीकडच्या चुकीच्या असून दिसत नाहीत. ३ मेला कुठली आली द्राक्षं, तेव्हा हंगाम उरकलेला असतो, म्हणून तुमच्या लक्षात तरी आलं. कांदा असता तर तसंच बिलात गेलं असतं.

एका मशीनवर कंट्रोल पॅनेल, रिजन, तिथे इंग्रजी भारत निवडा, शॉर्ट डेट दिवस-महिना-वर्ष आहे ना बघा, ॲडिशनल सेटिंग्जमध्ये डिजिट ग्रुपिंग लाख-कोटीचं आहे ना तेही बघा, म्हणजे रकमेचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडतात. मग त्याच खिडकीत ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबवर कॉपी सेटिंग्ज आहे, त्यात वेलकम स्क्रीन आणि न्यू यूजर अकाउंट्स या दोन्हींवर टिक करा. हे केलं की त्या मशीनवर यापुढे जे नवीन लॉगिन बनेल त्याला हेच मिळेल. आधीपासूनच्या लॉगिनना मिळणार नाही, रिजन हेसुद्धा माणसाचं सेटिंग आहे, मशीनचं नाही. त्यांच्यासाठी पॉवरशेलमध्ये सेट-कल्चर हा कमांड इंग्रजी भारताचा कोड देऊन ज्याच्या-त्याच्या लॉगिनमध्ये एकदा चालवायचा, पॉवरशेलला हाक मारणाऱ्या बॅच फाइलीत घालून स्टार्टअप फोल्डरात टाकलात तर आपोआप चालेल.

आत्ताच्या सीएसव्ही मात्र डबल क्लिक करून उघडू नका. डेटा मेनूमधून फ्रॉम टेक्स्ट सीएसव्हीने आणा, तिथे त्या रकान्याला लोकॅल देऊन तारीख म्हणून सांगता येतं, मग मशीनचं रिजन काहीही असू दे. आणि वजनकाट्यावाल्याला विचारा, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी काढता येते का. येत असेल तर हा सगळा खटाटोपच मिटला.

प्रश्न: सर, अंबडला आमची फॅक्टरी आहे, डोमेन आहे (सगळी मशीन एका सर्व्हरला जोडलेली), मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे. डिफॉल्ट फॉरमॅट, सेव्हची जागा, ऑटोरिकव्हर अशी सेटिंग सगळ्यांना लावायला मी रजिस्ट्रीची स्क्रिप्ट केली, प्रत्येक मशीनवर ॲडमिनने चालवली, एरर एकही नाही, पण कुणालाच काही लागू झालं नाही. असं कसं?
(एक वाचक, अंबड)

उत्तर: लागू झालं की, ॲडमिनला झालं. स्क्रिप्ट रजिस्ट्रीच्या करंट यूजर या भागात, म्हणजे आत्ता लॉगिन असलेल्या माणसाच्या खात्यात लिहिते आणि त्या क्षणी करंट यूजर तुम्ही होतात. ॲडमिन म्हणून लॉगिन करून वर्ड उघडा, सगळं जसंच्या तसं सापडेल.

३६५ असेल तर स्क्रिप्टची गरजच नाही. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस डिप्लॉयमेंट टूल फुकट मिळतं, त्याची कॉन्फिगरेशनची एक्सएमएल फाइल मायक्रोसॉफ्टच्याच ऑफिस कस्टमायझेशन टूलमध्ये टिक करत-करत बनवता येते, त्यात ॲप्लिकेशन प्रेफरन्सेस असा भाग आहे, तुमची तिन्ही सेटिंग तिथे मिळतील. नवीन मशीनवर सेटअप, स्लॅश कॉन्फिगर आणि फाइलचं नाव. ऑफिस आधीच टाकलेलं असेल तर कॉन्फिगरऐवजी स्लॅश कस्टमाइज, मग पुन्हा इन्स्टॉल न करता नुसती सेटिंग जातात, त्या मशीनवरच्या सगळ्या जुन्या लॉगिनना आणि पुढे बनणाऱ्या नव्यांनाही. वर्ड उघडं असेल तर बंद करून पुन्हा उघडल्यावर दिसतं.

हे झालं सुरुवातीचं सेटिंग, माणूस ते बदलू शकतो. बदलूच द्यायचं नसेल तर ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून सगळ्यांना एकदम लावायचे नियम), ती रजिस्ट्रीत वेगळ्या पॉलिसीज शाखेत लिहिते आणि ऑफिस आधी तिचं ऐकतं. त्यासाठी ऑफिसच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स उतरवून सर्व्हरच्या सिसव्हॉलमधल्या पॉलिसी डेफिनिशन्समध्ये टाका. फक्त आधी प्लॅन कुठला घेतलाय ते बघा, बिझनेसचा की एंटरप्राइझचा, कारण बिझनेस प्लॅनमधल्या ऑफिसला ग्रुप पॉलिसीची बरीचशी बंधनं लागू होत नाहीत आणि माणूस दोन दिवस सर्व्हरलाच शिव्या देत बसतो. तसंच विंडोज होम असलेलं मशीन डोमेनमध्ये येतच नाही. आणि कुठे कोपऱ्यात ऑफिस २०१६ किंवा २०१९ अजून चालू असेल तर त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यांच्यासाठी नवीन सेटिंग बनवण्यात वेळ घालवू नका.

प्रश्न: आमच्या मालकांना सगळं लॉक हवंय, फॉन्ट, रंग, टूलबार, कुणी काहीच बदलता कामा नये. होईल का?
(सातपूर)

उत्तर: होईल, पण करू नका. लोक मग स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर फाइल बनवून व्हॉट्सॲपने पाठवतात आणि तुमच्या हातात काहीच राहत नाही. झूम आणि टूलबार ज्याचे त्याला राहू द्या, पन्नाशीच्या अकाउंटंटला १४०चा झूम लागतो तर लागतो. लॉक करण्यासारखं एकच पटकन सुचतं, ते मॅक्रो, म्हणजे फाइलीच्या आत दडलेले छोटे प्रोग्राम. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केलीय, पण कुणीतरी ते सैल करतोच, तेवढं पॉलिसीने घट्ट करा. मालकांना कंपनीचं लेटरहेड सगळीकडे सारखं हवं असेल तर ते लॉकचं काम नाही, टेम्प्लेटचं आहे. सर्व्हरवर एक शेअर फोल्डर करा, वर्डच्या फाइल लोकेशन्समध्ये वर्कग्रुप टेम्प्लेट्स म्हणून त्याचा पत्ता द्या आणि त्या फोल्डरात लिहायचा अधिकार एकाच माणसाला ठेवा.

प्रश्न: सर, मी नाशिकरोडला शाळेत आहे. ऑफिसातल्या मशीनवर मराठी फॉन्ट टाकला, वर्डमध्ये डिफॉल्टही केला, पण दुसऱ्या शिफ्टच्या मॅडमनी त्यांच्या लॉगिनने उघडलं की वेगळाच फॉन्ट दिसतो आणि दाखल्याची ओळ पुढच्या पानावर जाते. आमच्या शिपाईमामांना रोज दोन-दोन प्रिंट काढाव्या लागतात.
(एक शिक्षिका, नाशिकरोड)

उत्तर: ताई, यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करून नुसतं इन्स्टॉल केलं तर विंडोज १० आणि ११ मध्ये तो फक्त तुमच्या लॉगिनला बसतो. त्याच्याच खाली इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स आहे, ते करायचं, ॲडमिनचा पासवर्ड विचारेल. मॅडमच्या लॉगिनला फॉन्टच नाही म्हटल्यावर वर्ड दुसरा कुठला तरी लावतं, त्याच्या अक्षरांची रुंदी आणि मात्रा-वेलांट्यांची उंची वेगळी, म्हणून ओळ खाली सरकते.

दुसरं म्हणजे डिफॉल्ट. वर्डमध्ये फॉन्टच्या खिडकीत वर लॅटिनचा फॉन्ट असतो आणि खाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा वेगळा, आकारही दोघांचा वेगवेगळा. मराठीसाठी खालचा चालतो. लोक वरचा बदलतात आणि मराठी मंगलमध्येच राहतं. खालचा निवडून सेट ॲज डिफॉल्ट, मग नॉर्मल टेम्प्लेटवरच्या सगळ्या डॉक्युमेंट्ससाठी असं म्हणा. हे मॅडमच्या लॉगिनमध्येही एकदा करावं लागेल, नॉर्मल टेम्प्लेट ज्याचं त्याचं वेगळं असतं. तुमचं उचलून त्यांच्यावर पेस्ट करू नका, त्यांनी केलेले ऑटोटेक्स्ट, मॅक्रो जातील. दाखल्याचा नमुना मात्र एकच हवा, तो डॉटएक्स म्हणून वेगळा सेव्ह करून कॉमन फोल्डरात ठेवा आणि दोघींनी त्याच्यावरूनच नवीन दाखला काढा, म्हणजे डिफॉल्ट काहीही असला तरी दाखल्याचा फॉन्ट नमुन्यातूनच येतो.

जुने दाखले श्रीलिपीसारख्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील तर त्यांना यातलं काहीच लागू नाही. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर तिथे नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, फॉन्ट बदलून ती मराठी होत नाहीत, कन्व्हर्टरमधून काढावी लागतात. काढल्यावर जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घाला, विशेषतः मुलांच्या आडनावांमधले.